पायॉनपासून सुरुवात करा: प्रबळ आंतरक्रियेचं गणित शिकू पाहणाऱ्यांसाठी

सांगलीच्या मार्केट यार्डात तराजूवर एक किलो हळद ठेवली, तर त्या किलोत क्वार्कचं, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉन ज्यांचे बनतात त्या कणांचं, स्वतःचं वस्तुमान किती? साधी बेरीज केली तर जेमतेम दहा ग्रॅम. इलेक्ट्रॉनचा वाटा पाव ग्रॅमच्या आसपास. बाकी सगळं वजन प्रोटॉन आणि न्यूट्रॉनच्या आत कोंडलेल्या ऊर्जेचं आहे: क्वार्कची धावपळ आणि त्यांना बांधून ठेवणारं ग्लुऑनचं क्षेत्र. क्वार्कना बांधणाऱ्या या बलालाच प्रबळ आंतरक्रिया म्हणतात. ही ऊर्जा कागदावर कशी काढायची, हा आपला विषय.

मिरज, तासगाव, इस्लामपूरकडून बीएस्सी-एमएस्सीची मुलं माझ्याकडे येतात. त्यातली बरीच जण क्षेत्र सिद्धांताचा जाडजूड ग्रंथ उघडून बसलेली असतात आणि तिसऱ्या प्रकरणात अडकलेली असतात. मी त्यांना क्रम उलटा करायला सांगतो. आधी वही-पेन्सिलने पाच-सहा कणांची वस्तुमानं काढा, मग लॅपटॉपवर या, आणि मग ग्रंथाकडे जा. बारावीचं गणित आणि क्वांटम यांत्रिकीची तोंडओळख एवढी शिदोरी पुरते.

तयारी

एक वही, सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि पुढच्या टप्प्यासाठी पायथन टाकलेला लॅपटॉप, सोबत नमपाय आणि सायपाय ही त्याची गणिताची पॅकेजं. कणांची मोजलेली वस्तुमानं पार्टिकल डेटा ग्रुपच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आकडे तिथूनच घ्यायचे, कोणाच्या तरी नोट्समधून नाही.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ लिहा: १९७.३ एमईव्ही-फर्मी. (एमईव्ही म्हणजे दहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट, फर्मी म्हणजे मिलिमीटरचा एक लाख कोटीवा भाग.) प्लांकचा स्थिरांक (दोन पायने भागलेला) आणि प्रकाशाचा वेग यांचा हा गुणाकार. लांबीवरून ऊर्जेकडे आणि ऊर्जेवरून लांबीकडे जायचा पूल हाच. वस्तुमानही आपण ऊर्जेच्याच एककात, एमईव्हीमध्ये लिहिणार. प्रोटॉन ९३८.३, न्यूट्रॉन ९३९.६, इलेक्ट्रॉन ०.५११.

सगळ्यात आधी: कुठलं वस्तुमान?

नवख्या माणसाचा पाय हमखास घसरतो तो इथे. तक्त्यात अप या प्रकारच्या क्वार्कचं वस्तुमान सुमारे २.२ एमईव्ही, डाउनचं ४.७, स्ट्रेंजचं ९३ च्या आसपास दिसतं. हे आकडे २ जीईव्ही (म्हणजे २००० एमईव्ही) या ऊर्जेच्या मापावरचे आणि एका ठरावीक गणिती पद्धतीतले. दुसऱ्या पुस्तकात त्याच अप क्वार्कचं वस्तुमान ३६३ दिसतं. दोन्ही बरोबर आहेत, पण ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत.

पावसाळ्यात काळ्या रानातून चालत आलेल्या माणसाची चप्पल हातात घेऊन बघा. चप्पल स्वतः पावशेराची, पण तिला लागलेला चिखल तिच्या कितीतरी पट. २.२ हे नुसत्या चप्पलचं वजन. ३६३ हे चिखलासकट, म्हणजे ग्लुऑन आणि क्षणभंगुर क्वार्क-जोड्यांच्या आवरणासकट. या दुसऱ्याला घटक-क्वार्कचं वस्तुमान म्हणतात. एमएस्सीला असताना मी घटक-क्वार्कच्या सूत्रात २.२ घातलं होतं. वस्तुमान भाजकात असल्यामुळे उत्तर लाखांत गेलं, आणि चूक सूत्रात नसून आकड्यात आहे हे कळायला दोन दिवस गेले. म्हणून वहीत प्रत्येक वस्तुमानापुढे लिहायचंच: कुठल्या पद्धतीतलं, कुठल्या मापावरचं.

पहिली पायरी: अंतर मोजा

तीन-तीन क्वार्कचे हे कण घ्या, वस्तुमान एमईव्हीत: डेल्टा १२३२, सिग्मा-तारा १३८५, क्साय-तारा १५३३. या कणांत अनुक्रमे शून्य, एक आणि दोन स्ट्रेंज क्वार्क आहेत. वजाबाकी करा: १५३ आणि १४८. म्हणजे एक हलका क्वार्क काढून स्ट्रेंज घातला की साधारण १५० ची भर. मग तीन स्ट्रेंजचा कण कुठे असेल? १५३३ अधिक १५०, म्हणजे १६८३ च्या आसपास. मरे गेल-मान यांनी १९६२ साली याच तर्काने ओमेगा कणाचं भाकीत केलं, आणि १९६४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रुकहेवनला तो सापडला. आजचा मोजलेला आकडा १६७२. भाकीत केलं तेव्हा क्वार्कची कल्पनाही मांडलेली नव्हती, होती ती फक्त सममिती. हे पाच मिनिटांचं गणित आहे, पण स्वतःच्या हाताने करा.

दुसरी पायरी: स्पिनचा हिशेब

इथे जरा थांबायचं आहे.

पायॉन आणि ऱ्हो या दोन्ही कणांत तेच क्वार्क आणि तेच प्रतिक्वार्क. तरी पायॉन १३८ आणि ऱ्हो ७७५. एवढा फरक कशाचा? पायॉनमध्ये दोन स्पिन एकमेकांच्या विरुद्ध आहेत, ऱ्होमध्ये एका दिशेने. हायड्रोजनच्या अणूतही हेच घडतं. प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉनचे स्पिन उलटसुलट झाले की २१ सेंटिमीटरची रेडिओलहर निघते, आणि नारायणगावजवळ खोडदची जीएमआरटी दुर्बीण ती टिपते. तिथला ऊर्जेचा फरक इलेक्ट्रॉनव्होल्टच्या लाखाव्या भागाहूनही कमी, इथला ६३७ एमईव्ही. भौतिकी तीच, पण बलाचा जोर आणि कणांमधलं अंतर पार बदललेलं.

सूत्र असं:

वस्तुमान = म१ + म२ + क × (स्पिनचा अदिश गुणाकार) ÷ (म१ × म२)

म१ आणि म२ ही दोन घटक-क्वार्कची वस्तुमानं, क हा एक स्थिरांक. दोन अर्ध्या स्पिनचा अदिश गुणाकार एकूण स्पिन शून्य असेल तर उणे पाऊण, आणि एक असेल तर अधिक पाव. हे तोंडपाठ न करता एकदा काढून बघा: एकूण स्पिनच्या वर्गातून दोघांचे स्वतंत्र वर्ग वजा करायचे आणि निम्मं करायचं.

आता आकडे घाला. ऱ्हो तीन भाग आणि पायॉन एक भाग अशी सरासरी काढली की स्पिनचं पद आपोआप उडतं. तीन गुणिले ७७५ म्हणजे २३२५, त्यात १३८ मिळवून २४६३, भागिले चार म्हणजे ६१६. दोन क्वार्क, म्हणून प्रत्येकी ३०८. आणि दोघांतला फरक ६३७ म्हणजेच क भागिले ३०८ चा वर्ग. हीच युक्ती केऑन (४९६) आणि के-तारा (८९४) यांना लावा, त्यांत एक हलका आणि एक स्ट्रेंज असतो: सरासरी सुमारे ७९४, त्यातून ३०८ गेले, स्ट्रेंज राहिला ४८६.

इथवर आपण निसर्गाकडून आकडे उसने घेतले. आता सूत्राची परीक्षा. केऑन आणि के-तारा यांच्यातला फरक किती असायला हवा? ६३७ गुणिले ३०८ भागिले ४८६, म्हणजे ४०४. मोजलेला ३९८. दोन स्ट्रेंजचा फाय कण: ४८६ ची दुप्पट ९७२, अधिक स्पिनचे ६४, एकूण १०३६. मोजलेला १०१९. दोन टक्क्यांच्या आत! हे पहिल्यांदा जमलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

तीन क्वार्कच्या कणांसाठीही हेच, फक्त तीन जोड्यांचे स्पिन धरायचे. प्रोटॉनमध्ये तिन्ही जोड्यांची बेरीज उणे पाऊण, डेल्टामध्ये अधिक पाऊण. ९३९ आणि १२३२ ची सरासरी १०८५.५, म्हणून हलका क्वार्क ३६२. दोघांतला फरक २९३ भागिले दीड, म्हणजे स्पिनचा गुणांक १९५. लॅम्डामध्ये (१११६) अप-डाउनची जोडी शून्य स्पिनची असते, त्यामुळे स्ट्रेंजचं स्पिन हिशेबातून गळतं आणि त्याचं वस्तुमान ५३९ मिळतं. या तीन उसन्या आकड्यांवर सिग्मा काढा: ११८० येतो, मोजलेला ११९३. ओमेगा काढा: १६८३ येतो, मोजलेला १६७२. सिग्मा आणि लॅम्डात क्वार्क तेच तीन. वेगळी आहे ती फक्त स्पिनची जुळणी, आणि तेवढ्यावर ७७ एमईव्हीचा फरक पडतो. डी रुहुला, जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी १९७५ मध्ये हा सगळा हिशेब ग्लुऑनच्या देवाणघेवाणीशी जोडून दाखवला.

वहीत समासात हेही लिहा: मेसॉनमध्ये (क्वार्क आणि प्रतिक्वार्कची जोडी) हलका क्वार्क ३०८ आणि बॅरिऑनमध्ये (तीन क्वार्क) ३६२ का? आपलं हे प्रतिमान (मॉडेल) याचं उत्तर देत नाही. ते हिशेबाची चौकट आहे, मूळ सिद्धांत नव्हे. तरी त्याला कमी लेखू नका. दोन चार्म (हा आणखी एक, जड प्रकारचा क्वार्क) आणि एक अप असलेल्या क्साय-सीसी कणासाठी कार्लिनर आणि रोझनर यांनी २०१४ मध्ये याच जातीच्या गणिताने ३६२७ आकडा दिला, चूक १२ ची धरून. २०१७ मध्ये सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात तो कण ३६२१ ला मिळाला.

पायॉनबद्दल मात्र एक खबरदारी

पायॉन आपण उसना घेतला म्हणून तो तंतोतंत बसला. पण तो इतका हलका असण्याचं खरं कारण स्पिन एवढंच नाही. क्वार्कची नुसती वस्तुमानं शून्य असती तर कायरल सममिती (डावखुरे आणि उजवे क्वार्क स्वतंत्रपणे वागण्याची सममिती) पूर्ण असती, ती आपोआप भंगली असती आणि पायॉनचं वस्तुमान शून्य झालं असतं. म्हणून पायॉनच्या वस्तुमानाचा वर्ग नुसत्या क्वार्क-वस्तुमानाच्या प्रमाणात जातो. पडताळा घ्या. केऑनचा वर्ग भागिले पायॉनचा वर्ग: सुमारे १३. क्वार्ककडून: अप-डाउनची सरासरी ३.४५, म्हणून (९३ + ३.४५) भागिले ६.९, म्हणजे १४. इथे चप्पलचं वजन वापरायचं, चिखलासकटचं नाही. या वाटेने पुढे गेलं की कायरल क्षोभ सिद्धांत लागतो. तो आत्ता सोडून द्या. क्यूसीडी (प्रबळ आंतरक्रियेचा मूळ सिद्धांत) बेरीज-नियम नावाची आणखी एक पद्धत आहे, तीही नंतर.

तिसरी पायरी: बल मापानुसार बदलतं

प्रबळ आंतरक्रियेचा जोर आल्फा-एस या आकड्याने सांगतात. झेड कणाच्या मापावर, म्हणजे ९१.१९ जीईव्हीला, तो ०.११८ आहे. खाली आलात की वाढतो. ग्रॉस, विल्चेक आणि पोलित्झर यांनी १९७३ मध्ये हे दाखवलं आणि २००४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं.

हाताने करा: १ भागिले आल्फा-एस हा आकडा खाली येताना (३३ वजा क्वार्क-प्रकारांची दुप्पट) भागिले सहा पाय, गुणिले मापांच्या गुणोत्तराचा नैसर्गिक लॉगरिदम, इतका कमी होतो. पाच प्रकार धरले तर गुणांक १.२२. ९१.१९ वरून १० जीईव्हीला येताना लॉगरिदम २.२१, वजाबाकी २.७०. ८.४७ मधून २.७० गेले, उरले ५.७७, आणि उत्तर ०.१७३. पुढची पदं धरून केलेलं काटेकोर गणित ०.१८ च्या जवळ जातं. एका ओळीच्या हिशेबाला हे पुष्कळ झालं. पण एक जीईव्हीच्या खाली हीच ओळ बेफाम वाढते आणि तिच्यावर विसंबता येत नाही. प्रोटॉन नेमका तिथेच राहतो, त्यामुळे प्रोटॉनचं वस्तुमान क्षोभगणिताने (लहान लहान दुरुस्त्या जोडत जाण्याच्या पद्धतीने) काढता येत नाही. पुढच्या दोन पायऱ्या त्यासाठीच.

चौथी पायरी: लॅपटॉपवर चार्मोनियम

चार्मोनियम म्हणजे चार्म क्वार्क आणि त्याच्या प्रतिक्वार्कची जोडी. चार्म क्वार्क जड आणि तुलनेने संथ, म्हणून श्रोडिंगरचं समीकरण चालतं. विभव दोन तुकड्यांचं: जवळ कूलॉमसारखं उणे ०.५२ भागिले अंतर, लांबवर अंतराच्या प्रमाणात वाढणारं ०.१८२६ जीईव्ही-वर्ग गुणिले अंतर. हा दुसरा तुकडा म्हणजे क्वार्क सुटा का मिळत नाही याचं कारण. एककं बदलून बघा: ओढ जवळपास दीड लाख न्यूटन, म्हणजे पंधरा टनांचं वजन. कारखान्याच्या वाटेवर उसाने भरलेला ट्रक दिसतो ना, साधारण तेवढं ओझं, आणि ते एका क्वार्कच्या जोडीवर.

चार्मचं वस्तुमान १.८४ जीईव्ही धरा (हेही याच प्रतिमानातलं, तक्त्यातलं १.२७ घालू नका). अंतराची पट्टी शून्यापासून २० पर्यंत, एकक १ भागिले जीईव्ही, पाऊल ०.०२. आता एक चौकोनी सारणी (मॅट्रिक्स) बांधा: तिच्या मुख्य तिरप्या रेषेवर २ भागिले (वस्तुमान गुणिले पावलाचा वर्ग) अधिक विभव, आणि शेजारच्या रेषांवर उणे १ भागिले (वस्तुमान गुणिले पावलाचा वर्ग). सायपायकडून या सारणीची खालची दोन आयगेनमूल्यं, म्हणजे पहिल्या दोन ऊर्जापातळ्या, मागा. फरक ५९० एमईव्हीच्या आसपास येईल. मोजलेला: ३६८६ वजा ३०९७, म्हणजे ५८९. हे आकडे मुळात याच फरकावर बसवलेले आहेत, म्हणून एवढ्यावर खूश होऊ नका. विभव तसंच ठेवून वस्तुमान ५.१८ करा, म्हणजे बॉटम क्वार्क. उप्सिलॉनच्या (बॉटम आणि त्याच्या प्रतिक्वार्कच्या जोडीच्या) पहिल्या दोन पातळ्यांत मोजलेला फरक ५६३ आहे. क्वार्क जवळपास तिप्पट जड झाला तरी फरक जेमतेम हलतो, हे तुमच्या पडद्यावर दिसेल.

पावलाचं ०.०२ बदलून ०.०४ आणि ०.०१ करून बघायला विसरू नका. उत्तर हललं तर किती हललं ते लिहून ठेवा. पुढे तीच सवय लागणार आहे.

पाचवी पायरी: जाळी

केनेथ विल्सन यांनी १९७४ मध्ये अवकाश-काळाची चौमिती जाळी करून त्यावर क्यूसीडी मांडली. जाळीच्या बिंदूंवर क्वार्क, दोन बिंदूंना जोडणाऱ्या दुव्यांवर ग्लुऑन. काळ काल्पनिक घेतला की क्वांटम बेरीज संभाव्यतेच्या बेरजेसारखी दिसते आणि मॉन्टे कार्लो पद्धतीने, म्हणजे फाशांसारखे यादृच्छिक आकडे टाकत, नमुने काढता येतात. ६४ × ६४ × ६४ × १२८ बिंदूंच्या जाळीत एकेका नमुन्यात २४० कोटींहून अधिक आकडे असतात. हे काम महासंगणकाचं. पण त्यामागची कल्पना तुमच्या लॅपटॉपवर अर्ध्या तासात उतरते, आणि ती उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

क्वार्कऐवजी साधा आवर्ती दोलक घ्या, वस्तुमान आणि वारंवारता दोन्ही एक. काळाचे २० बिंदू, अंतर ०.५, शेवटचा बिंदू पहिल्याला जोडलेला. प्रत्येक बिंदूवरचं स्थान थोडं हलवायचं (१.४ पर्यंत इकडे-तिकडे). क्रिया (ॲक्शन: सगळ्या बिंदूंवरच्या गतिज आणि स्थितिज ऊर्जेची बेरीज गुणिले अंतर) कमी झाली तर बदल ठेवायचा, वाढली तर घातांकी संभाव्यतेने ठेवायचा किंवा टाकायचा. सुरुवातीच्या काही शे फेऱ्या फेकून द्या, कारण तोवर दोलक स्थिरावलेला नसतो. मग दर वीसेक फेऱ्यांनी एक नमुना, असे दहा हजार नमुने. दोन वेळांच्या स्थानांचा गुणाकार घेऊन सरासरी काढा. ती काळानुसार घातांकी कमी होते, आणि कमी होण्याचा वेग म्हणजे पहिल्या दोन पातळ्यांतला ऊर्जाफरक. लागोपाठच्या दोन किमतींचा भागाकार, त्याचा लॉगरिदम, भागिले ०.५. बस.

पुस्तकी उत्तर १. तुम्हाला मिळेल ०.९९ च्या आसपास. पुन्हा १० बिंदू आणि अंतर १ घेऊन करा: ०.९६. प्रोग्राममध्ये चूक नाही, जाळी जाड आहे. आलेखावर आडव्या अक्षावर अंतराचा वर्ग घ्या (०.२५ आणि १), दोन बिंदूंतून रेषा काढा आणि शून्यापर्यंत वाढवा. रेषा ०.९९९ ला टेकते. जाळीवर काम करणारे जगभरचे गट शेवटी हेच करतात, फक्त दोलकाच्या जागी प्रोटॉन असतो.

प्रोटॉनसाठी सरावाचा एक आकडा: समजा जाळीचं अंतर ०.१ फर्मी आणि लागोपाठच्या किमतींचा भागाकार १.६१. लॉगरिदम ०.४७६. पहिल्या पानावरचं १९७.३ आठवा: ०.१ ने भागून १९७३. गुणाकार ९३९ एमईव्ही.

कुठलाही शोधनिबंध वाचताना चार चुकांचा हिशेब शोधा: नमुने किती, जाळी बारीक करत शून्याकडे नेली का, क्वार्कची वस्तुमानं खऱ्या किमतीची आहेत का, आणि पेटी, म्हणजे अख्खी जाळी, पुरेशी मोठी आहे का. शेवटच्यासाठी सोपा निकष: पायॉनचं वस्तुमान गुणिले पेटीची बाजू किमान चार. म्हणजे खऱ्या पायॉनसाठी बाजू ५.७ फर्मी. २००८ मध्ये एका युरोपीय गटाने हे चारही सांभाळून प्रोटॉनसह हलक्या कणांची वस्तुमानं काही टक्क्यांच्या चुकीत दिली. २०१५ मध्ये त्याच परंपरेतून न्यूट्रॉन-प्रोटॉन फरक निघाला: डाउन क्वार्क जड असल्यामुळे अधिक २.५२, विद्युतभारामुळे उणे १.००, एकूण १.५१, चूक ०.२८ ची. (बेरीज १.५२ येते, ती आकडे पूर्ण करण्याची तफावत.) मोजलेला फरक १.२९.

वस्तुमानापलीकडे

म्यूऑनचं (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचं) चुंबकत्व मोजताना प्रबळ आंतरक्रिया मागच्या दाराने येते: फोटॉन क्षणभर क्वार्क-जोडी होतो. हा परिणाम एक तर इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉन टकरींच्या मोजमापांवरून काढायचा, नाहीतर जाळीवर. २०२१ पासून या दोन वाटांची उत्तरं जुळत नव्हती. २०२५ च्या सैद्धांतिक संकलनात जाळीचं उत्तर स्वीकारलं गेलं आणि अमेरिकेतल्या फर्मीलॅब प्रयोगशाळेच्या मोजमापाशी असलेली तफावत चुकीच्या मर्यादेत आली. टकरींचे आकडे आपसात का जुळत नाहीत, हा प्रश्न अजून उघडा आहे.

पुढची वाट

दोलकाचा आलेख आणि चार्मोनियमची सारणी तयार झाली की प्रकल्पासाठी कुणाच्याही दारात जायला हरकत नाही. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) जाळी-क्यूसीडीवर काम करणारा गट आहे, आणि विद्यार्थ्यांसाठी तिथला उन्हाळी व्हीएसआरपी कार्यक्रम आहे. अर्जासोबत नुसतं "मला कणभौतिकीत रस आहे" असं लिहू नका. ०.९६ आणि ०.९९ चे दोन बिंदू, त्यांच्या चुकांच्या रेषा आणि शून्याला टेकणारी रेघ असलेला आलेख जोडा. चुकांच्या रेषा कशा काढल्या, तेही दोन ओळींत लिहा. लागोपाठचे नमुने एकमेकांवर अवलंबून असतात, म्हणून आधी शंभर-शंभराचे गठ्ठे करून प्रत्येकाची सरासरी काढा आणि चूक त्या सरासऱ्यांवरून मोजा.